रिव्ह्यू: आयुष्य वाढवायचं पॅकेज, आणि नंतर सापडलेला ३०० रुपयांचा दवाखाना

हा रिव्ह्यू दोन जागांचा आहे, दोन्ही बेळगावातल्याच, आणि दोन्हीकडं मी स्वतः आमच्या तात्यांना घेऊन गेलेय. नाव कुणाचंच लिहिणार नाही. पहिल्याचं नाही कारण मला कोर्टकचेरी नको आहे, आणि दुसरीकडच्या मॅडमनीच सांगितलंय की नाव कुठं टाकू नकोस, आहेत ते पेशंट बघून होईनात. खरं काय घडलं ते सगळं लिहिते, कारण गेल्या महिन्यात आमच्या क्रेडिट सोसायटीत दोघीजणी त्याच पॅकेजचं विचारालेल्या, आणि प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायला जमत नाही.

तात्या ७३ वर्षांचे. वडगावात चाळीस वर्षं पॉवरलूमवर काम केलं, त्यामुळं कानानं कमी येतं, अंगानं एकदम बारीक, आणि शुगर चौदा वर्षांची. शुगरच्या गोळ्या, बीपीची एक, कोलेस्टेरॉलची एक असं बरं चाललेलं. मग एका मंगल कार्यालयात मोफत व्याख्यान होतं, शंभर वर्षं निरोगी जगा म्हणून, दादा तात्यांना आणि आईला घेऊन गेला. बोलणारा माणूस छान बोलला म्हणे, शुद्ध मराठीत, मधे मधे हार्वर्डचं नाव, स्लाइडवर उंदरांचे फोटो, एक म्हातारा उंदीर आणि एक टवटवीत. तात्यांना एरवी डॉक्टर लोकांचं निम्मं कळत नाही, रिपोर्ट इंग्रजीत, बोर्ड कानडीत, कंपाउंडर घाईत. इथं कुणीतरी दीड तास आपल्या भाषेत समोर बघून बोलला त्याचंच त्यांना फार वाटलं. दादानं तिथंच १८,५०० रुपये भरले, शिवाय पावडरीचे महिन्याला ६,८०० वेगळे.

सेंटर झकपक आहे हे कबूल करते. एसी, वासाचं मशीन, पाणी द्यायला मुलगी. तात्यांना चप्पल काढून एका वजनकाट्यासारख्या मशीनवर उभं केलं, हातात दोन दांडे दिले, अर्ध्या मिनिटात कागद बाहेर आला. त्यावर मोठ्या लाल अक्षरात बॉडी एज, म्हणजे शरीराचं वय, ९१. तात्यांनी तो आकडा चष्मा वर करून दोनदा वाचला. घरी येईपर्यंत रिक्षात एक शब्द बोलले नाहीत, रात्री आईला म्हणाले, "माझं सगळं उरकून घ्या आता, पोरीच्या नावावर काय करायचं ते करा." ह्या एका गोष्टीसाठी मी त्या सेंटरला माफ करणार नाही. ते मशीन अंगातून बारीक करंट सोडून चरबी आणि पाण्याचा अंदाज काढतं, बाकी वय, उंची, वजन आपणच सांगितलेलं, त्यावरून कंपनीनं ठरवलेल्या हिशोबानं आकडा येतो. डीएनएवरच्या खुणांवरून वय काढायची खरी पद्धत वेगळी, ती स्टीव्ह होर्वाथ नावाच्या शास्त्रज्ञानं २०१३ साली मांडली, आणि ती सुद्धा अजून संशोधनाच्याच कामाची आहे, तिच्यावर पेशंटची औषधं ठरवत नाहीत. हे मला नंतर कळलं.

मग ९१ टेस्टचा रिपोर्ट, चाळीस पानं, रंगीत. १९ ठिकाणी लाल खूण. सेंटरचा कोच म्हणाला बघा किती बिघाड आहे. आता ह्यातली मेख मला नंतर दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी समजावली आणि ही प्रत्येकानं लक्षात ठेवण्यासारखी आहे म्हणून थोडं लांबण लावते. लॅबची नॉर्मल रेंज कशी काढतात तर बहुतेक वेळा शंभर धडधाकट माणसं घेतली तर त्यातल्या ९५ जणांचे आकडे जिथं बसतात ती रेंज, म्हणजे पाच धडधाकट माणसं मुळातच बाहेर. मग एकाच धडधाकट माणसाच्या ९१ टेस्ट केल्या तर सरासरी चार-पाच लाल खुणा निघणार, काही न होता. जितक्या जास्त टेस्ट तितक्या जास्त लाल खुणा, तितकी जास्त भीती, आणि भीती वाटली की पावडर खपते. आणि ह्यातलं सगळ्यात वाईट काय तर त्या १९ मधली एक खूण खरी होती. २७ व्या पानावर बी १२, १४८. तात्या दोन वर्षं सांगत होते पायाला मुंग्या येतात, चप्पल सुटलेली कळत नाही. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी १२ कमी होऊ शकतं, हे डॉक्टर लोकांना माहीत असतं. खरं त्या कोचनं ते पान उलटून पुढं नेलं, कारण त्यांच्या पावडरीत त्याला उत्तर नव्हतं.

आणि मग त्यानं सांगितलं की २१ दिवस सगळ्या केमिकल गोळ्या बंद, लिव्हर मोकळं होऊ दे, सकाळी फळांचा रस. मी त्यावेळी निपाणीला नणंदेकडं होते, मला कुणी सांगितलं नाही. सोळाव्या रात्री तात्या बाथरूमच्या दारात बसले ते उठेनात. आई सांगते दिवसभर तांब्या तांब्यानं पाणी पीत होते आणि सारखे लघवीला जात होते. दवाखान्यात शुगर ३८६. सलाइन, इन्सुलिन, तीन दिवस. सेंटरला फोन केला तर म्हणाले हा डिटॉक्सचा परिणाम आहे, घाण बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे. पैसे परत नाहीत.

एक तारा देते, कारण शून्य देता येत नाही.

आता त्यानंतर मी दोन महिने काय केलं ते. मला राग आला होता आणि स्वतः शोधायचं ठरवलं की मग विश्वास ठेवायचा तरी कुणावर. मोबाईलवर मराठीत बघायला गेलं तर लिंबू-हळद-मेथीचे व्हिडिओ आणि अमुक गोळी विष आहे, हेच ढिगानं. इंग्रजीत खोल जाणारे लोक आहेत, सबटायटल लावून, थांबवून थांबवून ऐकलं. पीटर आटिया आहेत, ते डॉक्टर आहेत आणि ताकद, दम, व्यायाम ह्यावर भर देतात. ह्या गोष्टीला माणसांवरचा चांगला आधार आहे, क्लीव्हलँड क्लिनिकनं २०१८ मधे १,२२,००७ पेशंटच्या ट्रेडमिल टेस्टचा हिशोब छापला त्यात ज्याचा दम जास्त त्याचं मरणाचं प्रमाण कमी, आणि म्हाताऱ्यांतही तसंच. ब्रायन जॉन्सन म्हणून अमेरिकेतला श्रीमंत माणूस आहे, स्वतःच्या अंगावर सगळं करून बघतो आणि आकडे उघडे मांडतो, रॅपामायसिन नावाचं औषध जवळजवळ पाच वर्षं घेऊन त्यानं बंद केलं तेही त्यानंच सांगितलं. ते प्रामाणिकपण मला आवडलं, खरं एका माणसावरून आपल्या तात्यांचं काही ठरत नाही, आणि त्याची स्वतःची सप्लिमेंटची कंपनी आहे हे ऐकताना डोक्यात ठेवावं लागतं.

आणि त्या स्लाइडवरचं हार्वर्ड म्हणजे डेव्हिड सिंक्लेअर. ते खरे शास्त्रज्ञ आहेत, खोटं काही नाही. खरं पूर्ण गोष्ट स्लाइडवर नव्हती. द्राक्षातल्या रेस्व्हेरॅट्रॉल ह्या द्रव्यावरच्या त्यांच्या कामातून कंपनी निघाली, सर्ट्रिस, ती ग्लॅक्सो ह्या औषध कंपनीनं २००८ मधे ७२ कोटी डॉलरला घेतली आणि २०१३ मधे गुंडाळली, औषध काही बाजारात आलं नाही. अमेरिकेच्या सरकारी एजिंग इन्स्टिट्यूटचा एक कार्यक्रम आहे, एकच औषध तीन वेगळ्या लॅबमधे उंदरांना देऊन बघतात, म्हणजे एकाची चूक दुसरा पकडतो. तिथं रेस्व्हेरॅट्रॉलनं साध्या उंदरांचं आयुष्य वाढलं नाही. रॅपामायसिननं मात्र वाढलं, २००९ मधे छापलं, आणि उंदीर ६०० दिवसांचे म्हणजे म्हातारे झाल्यावर सुरू करून सुद्धा. माणसांत ते अजून कुणी दाखवलेलं नाही. आमच्या ६,८०० च्या डब्यात जे एनएमएन नावाचं सप्लिमेंट होतं त्यानं माणसाच्या रक्तातलं एक द्रव्य वाढतं इतकं दिसलंय, माणूस जास्त जगतो असं दाखवणारा एकही प्रयोग नाही.

हे सगळं वाचून माझं डोकं जड झालं, आणि तात्यांना त्यातलं काय सांगू हे कळेना. त्यांना समोर बसून बोलणारं माणूस पाहिजे होतं. सोसायटीतल्या एका खातेदारानं ह्या मॅडमचं सांगितलं.

दवाखाना साधा, खाली दोन खोल्या, बाहेर कट्ट्यावर बाक. आधी जाऊन नंबर लावायचा, फोन उचलत नाहीत. पहिल्या दिवशी आम्ही सव्वादोन तास बसलो, उन्हात, पार्किंग नाही, पंखा एकच. ह्याचा एक तारा मी कापणार, तात्यांच्या वयाच्या माणसाला सव्वादोन तास बाकावर बसवणं बरोबर नाही आणि मी मॅडमना तोंडावर हे सांगितलंय. भिंतीवर त्यांचं कर्नाटक मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि केपीएमईचं, म्हणजे खाजगी दवाखान्याच्या नोंदणीचं, प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. मी बसल्या बसल्या मोबाईलवर नॅशनल मेडिकल कमिशनच्या साइटवर नाव घालून बघितलं, आलं. त्या कोचचं नाव आधीच घालून बघितलं होतं, कुठंच नव्हतं. चंदगड, गडहिंग्लजहून इकडं येणाऱ्यांनी आणि इकडून कोल्हापूर-मिरजेला जाणाऱ्यांनी पण हे करावं, महाराष्ट्राचं कौन्सिल वेगळं असलं तरी तिथं देशभरातली नावं एकत्र बघता येतात, दोन मिनिटाचं काम आहे.

आत टेबलावर विकायला काही नाही. बीपीचं मशीन, गुडघ्यावर मारायची हातोडी, शिंप्याची टेप, एक वही. तात्या आत गेले आणि बोलायला लागले तर मॅडम म्हणाल्या, "काका, पाच मिनिटं गप्प बसा, पाय खाली टेकवा, पाठ टेकवा, मग बीपी बघते." पाच मिनिटं खरंच घड्याळ लावून बसवलं, स्वतः मागचे कागद वाचत होत्या. मग हाताखाली वही ठेवून हात छातीच्या उंचीला आणला, दोन्ही हातांचं घेतलं, परत एकदा घेतलं. चौदा वर्षांत तात्यांचं बीपी असं कुणी बघितलं नव्हतं, एरवी जिना चढून आल्या आल्या पट्टा गुंडाळतात आणि १६० आलं की गोळी वाढवतात. इथं १३४ आलं.

नंतर खुर्चीवर बसवून दोन्ही हात छातीवर घडी करायला लावले आणि म्हणाल्या हात न टेकता उठा-बसा, तीस सेकंद, मी मोजते. तात्या सात वेळा उठले, आठव्याला गुडघ्यावर हात गेला. मॅडमनी वहीत सात लिहिलं. म्हणाल्या ह्या वयाच्या पुरुषाला बारा तरी यावेत, कमी आलं तर पडायची भीती जास्त. "तुमचं वय मला ह्या खुर्चीवर कळतंय काका, आणि हे वाढवता येतं." मग त्यांचा हात हातात घेऊन दाबायला सांगितलं, म्हणाल्या मागावरचा हात आहे, पकड चांगली आहे. पकडीवर पण जगभर काम झालंय, १७ देशांतल्या जवळजवळ १ लाख ४० हजार लोकांची पकड मोजली होती, त्यात आपला देश पण होता, २०१५ मधे लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापलं, पकड कमी तसं मरणाचं प्रमाण जास्त. तात्यांनी त्यांचा हात असा काही दाबला की मॅडम बास बास म्हणाल्या.

तात्या म्हणाले, मी तर बारीक आहे, मला शुगर झालीच कशी, मला अजून पटत नाही. त्यावर मॅडमनी मोबाईलवर एक फोटो दाखवला, दोन माणसं शेजारी शेजारी. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे इंग्लंडचे डॉ. युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३, एकदम सारखा. चरबी एकाची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून बारीक, आतून चरबी, २००४ मधे त्यांनी हे लॅन्सेटमधे छापलं. मग शिंप्याच्या टेपनं पोट मोजलं, ९४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषाला ९०, बाईला ८० ही हद्द. तात्या पोटाकडं बघत राहिले, त्यांना पहिल्यांदा काहीतरी पटल्यासारखं दिसलं.

मग तो प्रश्न आला, ज्याच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय. तात्यांनी पिशवीतनं तो डबा काढून टेबलावर ठेवला, निम्मा भरलेला, टाकवत नव्हता त्यांना, आणि विचारलं, "मॅडम, ह्यानं आयुष्य वाढतंय काय?"

मॅडमनी डबा उचलला, लेबल वाचलं, आणि म्हणाल्या, "मला माहीत नाही काका. माणसांवर अजून कुणी दाखवलेलं नाही. दाखवलं तर मी स्वतः तुम्हाला लिहून देईन."

तात्यांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांनी परत मोठ्यानं सांगितलं, मला माहीत नाही. इतक्या लोकांना भेटलो, सेंटर, व्याख्यान, व्हिडिओ, कुणाच्या तोंडातून हे तीन शब्द आले नव्हते. आणि त्याच दमात बी १२, कोलेस्टेरॉलची गोळी, व्यायाम ह्याबद्दल मात्र एकदम ठाम बोलल्या, काय माहीत आहे आणि काय नाही ह्यात फरक करून.

मी विचारलं मग माहीत होतं कसं, दाखवलं म्हणजे काय. त्यांनी जी गोष्ट सांगितली ती आपल्याच जिल्ह्याची आहे आणि मला ती माहीत नव्हती ह्याचं वाईट वाटलं. बाळंतपणानंतर रक्त जाऊन बायका दगावायच्या, खेड्यात इंजेक्शन, फ्रिज काही नाही. आपल्या जेएनएमसी मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी बाहेरच्या विद्यापीठांबरोबर मिळून जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बायकांवर प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकल्यासारखं, अर्ध्या जणींना मिसोप्रोस्टॉलची गोळी, अर्ध्या जणींना दिसायला तशीच पण औषध नसलेली. देणाऱ्या नर्सला पण माहीत नाही कुठली कुणाची. रक्त अंदाजानं नाही धरायचं, खाली माप असलेलं प्लास्टिक घालून मोजायचं. जास्त रक्त जायचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. २००६ मधे लॅन्सेटनं छापलं, आणि २०११ मधे जागतिक आरोग्य संघटनेनं ती गोळी ह्या कामासाठी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. मॅडम म्हणाल्या, आपल्या एएनएमनी, म्हणजे खेड्यातल्या नर्सनी, पायी जाऊन ही गोष्ट जगाला दाखवून दिली, मग ६,८०० रुपये घेणाऱ्याला एवढं विचारायला काय हरकत आहे की तुमचा असा प्रयोग कुठं झालाय. माझी मावशी खानापूर भागात एएनएम होती, तिला मी त्या रात्री फोन करून हे वाचून दाखवलं.

तेव्हापासून मी तसं विचारते. कुणी काही फॉरवर्ड केलं की उंदरावर का माणसांवर, किती जणांवर, गोळीशेजारी नकली गोळी होती काय, आणि सांगणारा तेच विकतोय काय. भारतात होणारे प्रयोग सीटीआरआय म्हणून सरकारी नोंदवहीत असतात, औषधांचे प्रयोग तिथं नोंदवणं २००९ पासून सक्तीचं आहे, कुणालाही बघता येते. कॉक्रेन म्हणून एक संस्था आहे, तिच्या साइटवर एकेका उपचाराचे सगळे प्रयोग एकत्र तपासून साध्या भाषेत लिहिलेलं असतं. खाण्यापिण्याचं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं (एनआयएन) २०२४ मधे १७ मुद्द्यांचं मार्गदर्शन काढलंय, फुकट आहे, आपल्या देशातल्या ताटाचा विचार करून लिहिलंय. आणि शुगर कायमची बरी करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे तर मला वाटतं मंगल कार्यालयवाल्यांना पण माहीत पाहिजे.

मॅडमनी लिहून दिलेलं सगळं एका कागदावर मावलं, मोठ्या अक्षरात, मराठीत. गोळ्या परत सुरू. बी १२ ची इंजेक्शनं. डोळ्याचा पडदा दाखवून या, लघवीतलं प्रोटीन बघून या. भात निम्मा, त्या जागी उसळ, आमटी घट्ट, लोणचं-पापड बंद कारण मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत पाहिजे. कुंदा बंद म्हणाल्या नाहीत, सणाला एक चमचा म्हणाल्या, तात्यांनी तेवढ्यावरच त्यांना चांगल्या डॉक्टर ठरवलं. रोज चालणं आणि दिवसातून तीनदा खुर्चीवर उठबस. एकूण ३०० रुपये, टेस्टचे ११०० वेगळे.

तात्या आता सकाळी दादाबरोबर व्हॅक्सिन डेपोला जातात. पूर्वी तिथं देवीची लस तयार व्हायची, आमच्या आजीच्या दंडावर त्या लसीचे वण होते, तात्या झाडाखाली बसले की तेच सांगत बसतात. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, दवाखान्यातून आल्यावर ८.२ होती, चार महिन्यांनी ७.३. पायाच्या मुंग्या कमी आहेत, पूर्ण गेल्या नाहीत, मॅडम म्हणाल्या जातीलच असं सांगत नाही. ती बॉडी एजची लाल अक्षरं असलेला कागद आईनं चुलीत घातला.

मॅडमच्या दवाखान्याला पाचपैकी चार. बाकाचं आणि फोनचं काहीतरी करा ही विनंती. पुढची तारीख पंधराला आहे. काल संध्याकाळी आई समोर भाजी निवडालेली आणि तात्या हात घडी करून खुर्चीवर उठबस कराले होते, मोबाईलवर तीस सेकंद लावून, आईनं अकरा मोजले, तात्या म्हणतात बारा झाले, तू मधे मेथीकडं बघत होतीस.